येत होते, पण बोलली नाही
संगणक क्षेत्रातील एका मुलाखतीचा घरगुती अनुभव

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी नोकरीच्या मुलाखतीला निघाली की ती एकटी निघत नाही, सारे घर तिच्यासोबत निघते. आई रात्रीच कपड्यांना इस्त्री करून ठेवते, वडील त्या दिवशी कामावर खाडा करतात, शेजारची बाई दोनदा येऊन विचारून जाते. ही आपुलकी खोटी नाही. पण या आपुलकीचाही उमेदवाराला भार होतो, आणि तो भार किती होतो हे आमच्या घरात आम्हाला उशिरा कळले. म्हणून हा लेख.

गोंदिया शहराला लागूनच आमचे फुलचूर. माझे थोरले भाऊ राईस मिलमध्ये हमाल आहेत. वहिनींनी पंचवीस वर्षे बिड्या वळल्या. त्यांची मुलगी आधी बी.सी.ए. आणि मग नागपूर विद्यापीठातून एम.सी.ए. झाली. आमच्या घराण्यात एवढी शिकलेली ती पहिलीच. शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी तिला लॅपटॉप घ्यावा लागला, बेचाळीस हजारांचा. निम्मे पैसे वहिनींनी बचत गटातून उचलले आणि त्याचा हप्ता आजही सुरू आहे. तेव्हा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून मुलाखतीचा निरोप आला, तो केवळ मुलीला आला नव्हता, हप्त्यालाही आला होता.

या नोकऱ्यांची पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आधी अर्ज. पुष्कळ कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत साठ टक्के मागतात. एका ठिकाणी कमी पडले की अर्ज तिथेच अडतो. नववी-दहावीतल्या मुलांच्या पालकांनी हे आजच लिहून ठेवावे, कारण पुढे कितीही गुण मिळाले तरी दहावीचे टक्के बदलता येत नाहीत. नंतर संगणकावर परीक्षा होते. तीत गणित, तर्क, इंग्रजी आणि एक-दोन प्रोग्रॅम लिहायला असतात. ती पार पडली की तांत्रिक मुलाखत, आणि शेवटी एच.आर. म्हणजे मनुष्यबळ विभागाची मुलाखत. हल्ली पहिल्या मुलाखती बहुधा घरबसल्या व्हिडिओवरच होतात. पुतणीने परीक्षा चांगली दिली होती. राहिली होती ती मुलाखत.

तिला मार्गदर्शन करण्याची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली. मी बी.कॉम., लिपिक, घरात नोकरीवाला मी एकटाच. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः मुलाखत देऊन लागलो होतो. त्या मुलाखतीत पाच साहेब टेबलापलीकडे बसले होते, आणि राज्यपाल कोण, जिल्ह्यात तालुके किती, कॅशबुक आणि लेजर यांत फरक काय, असे प्रश्न होते. आले तर सांगायचे, नाही आले तर "सॉरी सर" म्हणायचे. तीच विद्या मी पुतणीला दिली. ताठ बस. विचारले तेवढेच बोल. आणि एक वाक्य मी तिच्याकडून जवळजवळ पाठच करून घेतले : चुकीचे बोलण्यापेक्षा न बोललेले बरे.

माझी ही विद्या किती जुनी झाली होती, याचा विचारही मी केला नाही. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद केली आहे. ज्या टेबलासमोर मी बसलो होतो ते टेबलच उचलले गेले, आणि मी मात्र पुतणीला त्याच टेबलासाठी तयार करीत होतो.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. घरची माहिती विचारतील तेव्हा "वडील धान्याच्या व्यवसायात आहेत" असे सांग, हेही मीच शिकवले. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि "बरं काकाजी" म्हणाली. त्या पाहण्याचा अर्थ मी त्या वेळी लावला नाही.

मुलाखतीच्या दिवशी पुढच्या खोलीत टेबल मांडले. मागच्या भिंतीवर स्वच्छ चादर लावली. भाऊ कामावर गेले नाहीत, ते दारात उकिडवे बसले. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने कपाटाला लागून उभा होतो, हातात वही घेऊन, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. शेजारच्या पोरांना वहिनींनी दोनदा हाकलले. एवढ्या माणसांनी श्वास धरून ठेवलेल्या खोलीत मुलीने पुण्याच्या माणसाला नमस्कार केला.

ओळख झाली, शिक्षण झाले. मग त्या गृहस्थांनी एक प्रश्न पडद्यावर टाकला. आकड्यांची एक यादी आहे. तीत असे दोन आकडे शोधायचे की ज्यांची बेरीज बरोबर शंभर होते. कसे शोधाल?

वाचकहो, हा प्रश्न आपण मिलच्या भाषेत मांडून पाहू. गोदामात हजार पोती आहेत, प्रत्येकाचे वजन वेगळे. ज्यांचे वजन मिळून बरोबर शंभर किलो भरते अशी दोन पोती काढायची आहेत. साधा माणूस काय करील? पहिले पोते घेईल आणि बाकीच्या प्रत्येकाशी जुळवून पाहील. नाही जुळले तर दुसरे घेईल आणि उरलेल्यांशी जुळवील. उत्तर यात नक्की सापडते. फक्त हजार पोत्यांत अशा जोड्या ४,९९,५०० होतात, आणि नशीब वाईट असेल तर तेवढ्या सगळ्या पाहाव्या लागतात.

ही पद्धत पुतणीला पहिल्या अर्ध्या मिनिटातच सुचली होती. पण ती बोलली नाही. पडद्याकडे पाहत राहिली. ते गृहस्थ म्हणाले, "काही सुचतंय का? जे मनात येईल ते सांगा." ती "येस सर" म्हणाली आणि पुन्हा गप्प. दहा-बारा मिनिटे अशी गेली. भाऊ दारातून माझ्याकडे पाहत होते, मी पुतणीकडे. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी दोनदा आठवण दिली आणि मग दुसरा सोपा प्रश्न विचारला. तोपर्यंत तिचा आवाज बसला होता. शेवटी बाईंनी घरची माहिती विचारली. "वडील धान्याच्या व्यवसायात" हे वाक्य तिने म्हटले. "अच्छा, दुकान आहे का?" असे त्यांनी सहज विचारले. तिला 'हो'ही म्हणता येईना आणि 'नाही'ही. तिसऱ्या दिवशी नकाराची दोन ओळींची मेल आली.

त्या रात्री जेवताना कोणी बोलत नव्हते. शेवटी वहिनींनीच विचारले, "येत होतं तर बोलली काहून नाही बाई?"

तिने दिलेले उत्तर मला आजही शब्दशः आठवते. "तेवढं तर बाबालेही सांगता आलं असतं. एवढं सोपं कोणी विचारते का? मले वाटलं याच्यात काही दुसरंच असंल. अन् चुकलं तर तुम्ही सगळे पाहून राहिले होते."

माझ्या ओळखीचा एक मुलगा सहा वर्षांपासून पुण्यात याच कामात आहे आणि आता स्वतः दुसऱ्यांच्या मुलाखती घेतो. त्याला मी फोन लावला. खरे तर मी तक्रार करायला लावला होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, आम्हाला उत्तर नको असतं हो. उत्तर पुस्तकात असतं. माणूस अडला की काय करतो ते आम्हाला पाहायचं असतं. ती साधी पद्धत तिने सांगितली असती तर समोरचा म्हणाला असता, ठीक, आता ही जलद करा. मुलाखत तर तिथून सुरू होते. ती दारातच उभी राहिली."

मग त्याने जलद पद्धत सांगितली, आणि ती ऐकून मी कपाळाला हात लावला. कारण ती आम्हा कारकुनांचीच पद्धत आहे. एक रजिस्टर घ्यायचे. पहिले पोते आले, समजा ३८ किलोचे. शंभरला ६२ कमी. रजिस्टरमध्ये ६२ ची नोंद आहे का पाहायचे. नसेल तर ३८ लिहून पुढे जायचे. पुढे कधी ६२ चे पोते आले की त्याला ३८ हवे, आणि ३८ रजिस्टरमध्ये आहेच. जोडी मिळाली. पाच लाख जोड्या जुळवण्याऐवजी हजार पोती एकेकदा हातावेगळी केली की काम संपते. मात्र रजिस्टर असे हवे की पाने न उलटता नोंद एका नजरेत सापडावी. संगणकात तशी सोय असते, तिला हॅश मॅप म्हणतात. आमच्या आवक-जावक विभागात कोणत्याही शिपायाने समजून घेतली असती अशी ही गोष्ट. ती विद्या घरात होती. मी शिकवले मात्र गप्प बसायला.

पुतणीचे दुसरे वाक्य, तुम्ही सगळे पाहून राहिले होते, ते माझ्या मनात अधिक रुतले. पुढे वाचताना कळले की यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना मुलाखत घेणाऱ्यासमोर फळ्यावर बोलत-बोलत प्रोग्रॅम सोडवायला लावले, काहींना खोलीत एकटे सोडले. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी एकट्यांच्या निम्म्यावर आली. त्यात मुली थोड्याच होत्या, म्हणून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण एकांतात बसलेल्या सर्व मुलींना उत्तर जमले आणि लोकांसमोर उभ्या केलेल्यांपैकी एकीलाही नाही. तिथे पाहणारा एकच होता. आमच्या घरी पडद्यावर दोघे, आणि पडद्याबाहेर कपाटामागच्या माझ्यासह तिघे.

इथे काही वाचक विचारतील, आणि आमच्या वस्तीतही विचारले गेले, की हे सगळे ठीक, पण खरे कारण आडनाव तर नव्हे? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. अमरावती जिल्ह्यातले आपले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासोबत हा प्रश्न मोजून पाहिला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फक्त नावे वेगळी. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले : उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच, आणि मुस्लिम नावाला त्याहून बरीच कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतील मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून दाखवले की तोंडाने सारे गुणवत्तेचे नाव घेतात, पण उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' विचारणे त्यांना अगदी रास्त वाटते.

पण दुसरी बाजूही लपवू नये. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील ३७१ जागांसाठी असेच ३,१६० बनावट अर्ज पाठवले होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीमुळे बोलावण्यात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र मागास जातींच्या अर्जांना बोलावणे कमी आले. माझा अंदाज असा की जिथे बोलणे-चालणेच पाहायचे असते तिथे नाव आडवे येते, आणि जिथे प्रोग्रॅम चालतो की नाही हे संगणकच सांगतो तिथे ते आडवे यायला जागा कमी उरते. अर्थात बोलावणे आले म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. बोलावल्यानंतर बंद खोलीत काय होते ते या अभ्यासांनी मोजलेले नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत मात्र मी प्रामाणिकपणे सांगतो, त्या दिवशी आडनावाला आडवे यायची वेळच आली नाही. त्याआधीच माझी शिकवण आडवी आली होती.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. त्या पुण्याच्या मुलाने सांगितले की रोज एक प्रश्न मोठ्याने बोलत सोडव, आणि ऐकायला असा माणूस बसव ज्याला त्यातले काही कळत नाही. असा माणूस घरात मीच होतो. विहाराच्या अभ्यासिकेत एक जुना फळा पडून होता, तो आणला. ऑफिसातून आलो की मी खुर्चीवर बसायचो, ती खडूने लिहीत सांगायची. मला दोनच प्रश्न विचारायची परवानगी होती : "का?" आणि "मग पुढे?" पहिला आठवडा ती मध्येच थांबायची, खालचा ओठ दाताखाली धरायची. मी घड्याळ पाहायचो नाही. तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा म्हणाली, "थांबा काकाजी, हे माझं चुकून राहिलं," आणि स्वतःच पुसून पुन्हा लिहिले. असे दोन महिने चालले. त्या काळात मला प्रोग्रॅम लिहिता आला नाही, पण कोणता माणूस खरे समजून बोलतो आणि कोणता पाठ केलेले म्हणतो हे मात्र ओळखता येऊ लागले. समोर बसणाऱ्याला हेच हवे असणार.

मधल्या काळात एका 'कन्सल्टन्सी'चा फोन आला. नोकरी नक्की, फक्त नोंदणीचे आठ हजार भरा. वहिनी पैसे काढायला निघाल्याही होत्या. कोणतीही खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेऊन नोकरी देत नाही, एवढे इथे सांगून पुढे जातो.

दुसरी संधी नागपूरला आली. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा मोठ्या कंपन्यांची कार्यालये आली आहेत, त्यामुळे आपल्या भागातील मुलांना प्रत्येक वेळी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसून पुणे गाठावे लागत नाही. ही कंपनी मात्र लहान होती, चाळीस-पन्नास माणसांची. मुलाखत प्रत्यक्ष होती. भाऊ सोबत निघाले होते. पुतणीने त्यांना गोंदिया स्टेशनवरूनच परत पाठवले. "तुम्ही बाहेर बसले तरी मले आतून दिसता," असे तिने बापाला सांगितले. भाऊंना ते लागले. पण ते परतले आणि दुपारच्या पाळीला मिलमध्ये गेले.

तिथे काय झाले ते तिने संध्याकाळी सांगितले तसे लिहितो. दोन तरुण होते, एक मुलगा, एक मुलगी. प्रश्न असा : हजेरीच्या नोंदींची लांब यादी आहे, बरीच नावे पुन्हा पुन्हा आली आहेत, जे नाव एकदाच आले आहे असे पहिले नाव शोधा. ती म्हणाली, आधी साधी पद्धत सांगते, प्रत्येक नाव बाकी सर्वांशी ताडून पाहायचे. ही हळू आहे. जलद करायची तर रजिस्टर ठेवीन, नाव आले की त्यापुढे एक खूण. एकदा यादी वाचली की झाले. एवढे बोलून ती फळ्यासमोर थांबली आणि स्वतःच म्हणाली, नाही, एकदा वाचून होणार नाही, कारण आत्ता एकटे दिसणारे नाव शेवटच्या ओळीत पुन्हा येऊ शकते. म्हणून यादी दोनदा वाचायची : पहिल्यांदा खुणा करायला, दुसऱ्यांदा एकच खूण असलेले पहिले नाव उचलायला. इंग्रजीत अडली तेव्हा "हिंदीत सांगा, चालेल" असे ते म्हणाले. रजिस्टरमुळे काय तोटा होतो, असे त्या मुलीने विचारले. वेळ वाचतो, पण जागा जास्त लागते, यादी मोठी झाली की रजिस्टरही मोठे होते, हे तिने सांगितले. पुढे 'डेडलॉक'विषयी प्रश्न आला. तो तिला येत नव्हता. "मला माहीत नाही" असे तिने स्पष्ट सांगितले आणि मुलाखत पुढे चालू राहिली. माहीत नाही म्हटल्यावर काहीच कोसळत नाही, याचेच तिला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले होते.

मग घरची माहिती. "वडील राईस मिलमध्ये हमाल आहेत, आई बिड्या वळायची," ती म्हणाली. समोरच्याने मान हलवली आणि नागपुरात राहण्याची सोय आहे का, एवढेच विचारले. हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. भाऊ तिथेच बसले होते. "तसंच सांगतलं का?" त्यांनी विचारले. "हो." यावर ते काही बोलले नाहीत, उठून हात धुवायला गेले.

निवड झाली, पण पेढे वाटावे अशी नव्हे. सहा महिने प्रशिक्षणार्थी, महिना पंधरा हजार, काम पाहून कायम करणार. सोबत दोन वर्षांचे बंधपत्र आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा करण्याची अट. इथे मात्र माझी लिपिकी कामाला आली. मूळ कागद तपासणीला दाखवायचे असतात, ठेवायला द्यायचे नसतात. मी तिला पत्र लिहून दिले नाही. मुद्दे सांगितले आणि तिनेच मेल लिहिली, की मूळ कागद समक्ष तपासावेत आणि स्वाक्षरी केलेल्या प्रती ठेवून घ्याव्यात. चार दिवस उत्तर आले नाही. त्या चार दिवसांत वहिनी मला काय काय बोलल्या ते छापण्यासारखे नाही. पाचव्या दिवशी कंपनीने प्रती चालतील असे कळवले. बंधपत्र तेवढे राहिले. ते मी तीनदा वाचले, मग तिने सही केली.

फेब्रुवारीपासून ती नागपूरला तीन मुलींसोबत खोली करून राहते. पहिल्या पगारातून लॅपटॉपचे दोन हप्ते एकदम गेले. महिन्यातून एका रविवारी ती येते तेव्हा अभ्यासिकेत फळ्याभोवती चार-पाच पोरी जमतात. त्यांतल्या एकीची येत्या पंधरवड्यात मुलाखत आहे, व्हिडिओवरची. तिचे वडील परवा मला विचारायला आले होते, त्या दिवशी आम्ही घरात कुठे बसावे म्हणून. मी त्यांना सांगितले, त्या वेळेला माझ्याकडे चहाला या.